हायवे १४६: नंबर एक, रस्ते दोन, आणि मधे पिनॅकल्सचा डोंगर

कॅलिफोर्नियात राज्य महामार्ग १४६ या एकाच नंबरावर दोन वेगळे रस्ते चालतात. पहिला मॉन्टेरे काउंटीत, सोलेडाड गावात हायवे १०१ वरून निघतो आणि पिनॅकल्स नॅशनल पार्कच्या पश्चिम बाजूला पोचतो. दुसरा सॅन बेनिटो काउंटीत हायवे २५ वरून फुटतो आणि त्याच पार्कच्या पूर्व बाजूला येऊन थांबतो. मधे सुळक्यांचा डोंगर आहे. त्यातून पायवाटा जातात, गाडीरस्ता जात नाही. एका बाजूच्या पार्किंगमधून दुसऱ्या बाजूला चालत जायचं तर साधारण तीन मैल. गाडीनं वळसा घालून जायचं तर पासष्ट-सत्तर मैल, आणि दीड ते पावणेदोन तास.

एवढी एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मराठी मंडळींच्या सहलींचा विचका होतो. चार कुटुंबं ठरवतात, व्हॉट्सॲपवर निरोप पडतो: "पिनॅकल्स, सकाळी ९." दोन गाड्या गिलरॉयला हायवे २५ वर वळतात, दोन १०१ वर तशाच पुढे सोलेडाडला जातात. सगळे वेळेवर पोचतात, पण डोंगराच्या दोन अंगांना. आत मोबाइलला रेंज जवळजवळ नसतेच, त्यामुळे चूक कळायलाही तास जातो. आणि जेवणाचे डबे नेमके पलीकडच्या गाडीत असतात. म्हणून निरोपात पार्कचं नाव कधी पुरत नाही, पार्किंगचं नाव लिहायला हवं. पश्चिमेला शॅपरल. पूर्वेला बेअर गल्च किंवा ओल्ड पिनॅकल्स. जीपीएसवर नुसतं पार्कचं नाव टाकलं तर तो जवळच्या वाटेल त्या दारात नेऊन सोडतो. पूर्वेला जायचं असेल तर "ईस्ट एन्ट्रन्स रोड, पायसीनेस" असं टाका, पश्चिमेला जायचं असेल तर शॅपरल पार्किंगवर पिन लावा, आणि नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घ्या.

आता रस्ते. आधी पश्चिमेचा, कारण त्याच्याबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे आणि त्यातलं बरंचसं सावधगिरीचं आहे.

सोलेडाडला १०१ सोडलं की १४६ आधी गावातूनच फिरतो: फ्रंट स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट, मग मेट्झ रोड. ही वळणं घेताना फलकांकडे लक्ष हवं, नाहीतर मेट्झ रोडवरून भलतीकडेच निघून जाल. गावापासून पार्कपर्यंत साधारण चौदा मैल. सुरुवातीला सॅलिनास खोऱ्यातली सपाट भाजीशेती, पुढे द्राक्षमळे, आणि मग चढ. चढाला लागल्यावर रस्त्याचा खरा स्वभाव कळतो. मधली पट्टी गायब होते, रुंदी कमी होत होत बऱ्याच ठिकाणी एका गाडीपुरती उरते, आणि वळणापलीकडचं दिसत नाही. म्हणायला हा राज्य महामार्ग आहे. शेवटचा भाग आपल्याकडच्या एखाद्या गावाकडच्या घाटरस्त्याइतकाच आहे, एवढंच की डांबर चांगलं आहे.

इथे चालवायचं कसं? दिवसाही हेडलाइट लावा. आंधळ्या वळणावर वेग पंधरा-वीस मैलांवर आणा आणि उजव्या कडेला चिकटून राहा. समोरून गाडी आली आणि दोघांना जागा नसेल, तर कॅलिफोर्नियाचा कायदा स्पष्ट आहे: उतरणाऱ्यानं थांबायचं, गरज पडली तर मागे घ्यायचं, आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. सह्याद्रीतल्या घाटात गाडी चालवलेल्याला हे वेगळं शिकवायला नको. अडचण येते ती सपाट शहरात गाडी शिकलेल्यांना, ज्यांनी रिव्हर्स फक्त पार्किंगमध्ये टाकलेला असतो. जाताना थोडं रुंद ठिकाण दिसलं की मनात नोंद करत जा. परतताना समोर गाडी उभी ठाकली की मागे कुठे सरकायचं ते ठाऊक असलेलं बरं. आरव्ही (आत राहता येतं अशी मोठी गाडी) आणि ट्रेलर या रस्त्यावर आणूच नका. पार्कवाले तसं स्पष्ट सांगतात, आणि एक ट्रेलर अडकला की दोन्हीकडची रांग हलत नाही. नातेवाईक आले म्हणून पंधरा सीटची व्हॅन भाड्यानं घेतली असेल, तर तीही पूर्वेकडून न्या.

या रस्त्याची आणखी एक खोड आहे, ती फार कुणी सांगत नाही: सूर्य. सकाळी जाताना तोंड पूर्वेला, म्हणजे ऊन थेट काचेवर. संध्याकाळी परतताना तोंड पश्चिमेला, पुन्हा ऊन थेट काचेवर. अरुंद रस्ता, आंधळं वळण आणि त्यात डोळे दिपलेले, यातून काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. समोरची काच आतून-बाहेरून पुसूनच निघा. आतल्या बाजूचा पुसट थर एरवी जाणवत नाही, उन्हात मात्र काच दुधाळ होते. जमलं तर सूर्य थोडा वर आल्यावर या रस्त्याला लागा, किंवा सरळ पहिल्या उजेडात पोचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणीच्या दिवसांत खालच्या टप्प्यात ट्रॅक्टर आणि मालाचे ट्रक असतात. त्यांना ओलांडायची घाई करू नका, ते पुढच्या मळ्यात वळणारच असतात.

पश्चिमेचं दार सकाळी साडेसातला उघडतं आणि रात्री आठला बंद होतं. आत अडकायची भीती नाही. बाहेर पडताना फाटक आपोआप उघडतं. पण साडेसातच्या आधी आत जाता येत नाही, आणि मुक्कामाची सोय या बाजूला अजिबात नाही. पेट्रोल नाही, दुकान नाही, खायला काही नाही. पाणी आणि संडास आहेत. शॅपरलचं पार्किंग लहान आहे, वसंतातल्या शनिवार-रविवारी सकाळीच भरतं. मग अलीकडे माहिती केंद्रापाशी गाडी लावून जॉबोन पायवाटेनं सव्वा मैलाच्या आसपास उतरत शॅपरलला यावं लागतं. जाताना ते मजेचं वाटतं. दिवसभर चालून झाल्यावर तोच चढ वर चढायचा आहे, हे मात्र आधीच हिशोबात धरा.

पश्चिम तुकड्याला रस्ता म्हणून पाचपैकी तीन. तो जिथे पोचवतो त्या जागेला मात्र साडेचार.

पूर्वेचा तुकडा याच्या उलट. १४६ चा भाग लहान, दोन पदरी, साधासुधा, काही सांगण्यासारखा नाही. सगळा प्रवास हायवे २५ चा. गिलरॉयच्या पुढे १०१ सोडून २५ धरायचा, हॉलिस्टर ओलांडायचं, मग ट्रेस पिनोस, पायसीनेस, आणि हॉलिस्टरपासून सुमारे तीस मैलांवर उजवीकडे १४६. या तीस मैलांत वस्ती तुरळक, दोन्हीकडे गवताळ टेकड्या आणि गुरांची कुरणं. मार्च-एप्रिलात हिरवंगार, जूनपासून पिवळंधमक. हा रस्ता बरंच अंतर सॅन अँड्रियास भ्रंशाच्या, म्हणजे भूकवचातल्या मोठ्या भेगेच्या, सोबतीनं जातो, आणि पिनॅकल्स ज्यामुळे इथे आहे तो भ्रंश हाच. त्याबद्दल पुढे येईलच.

२५ वर दोन गोष्टींना जपा. शनिवार-रविवारी मोटारसायकलवाले मोठ्या संख्येनं येतात आणि वळणावर आत झुकलेले असतात, म्हणून मधल्या रेषेच्या जवळ जाऊ नका. आणि संध्याकाळी हरणं. एक रस्ता ओलांडून गेलं की मागून दुसरं येतंच, त्यामुळे पहिलं गेल्यावर लगेच ॲक्सिलरेटर दाबू नका. सूर्याचा त्रास या बाजूला कमी, कारण संध्याकाळी पार्कातून बाहेर पडताना तो पाठीमागे असतो.

सॅन होजेहून पूर्वेचं दार सुमारे ऐंशी मैल, पश्चिमेचं शंभराच्या जरा अलीकडे. तरी वेळेत फारसा फरक पडत नाही, कारण १०१ वर गाडी पळते आणि २५ वर नाही. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना किंग सिटीला निर्णय घ्यावा लागतो. तिथे फर्स्ट स्ट्रीटची एक्झिट घेऊन उजवीकडे वळलं की तोच रस्ता पुढे बिटरवॉटर रोड, म्हणजे जी-१३ होतो. त्यावर पंधरा मैल, मग २५ वर डावीकडे चौदा मैल, मग १४६ वर पुन्हा डावीकडे, की पूर्वेचं दार. पश्चिमेला जायचं तर किंग सिटीहून १०१ वरच वीस मैल पुढे सोलेडाड. एका दारातून निघून दुसऱ्या दारात गाडीनं जायचा वळसाही हाच. तो एका दिवसात घालण्यात अर्थ नाही. पार्कात घालवायचे दीड-पावणेदोन तास गाडीत जातात आणि दोन्ही बाजू अर्धवट राहतात.

पूर्वेकडे आत शिरल्यावर कॅम्पग्राउंड, दुकान आणि व्हिजिटर सेंटर एकाच ठिकाणी येतं. तंबूच्या जागा आहेत, वीजजोडणीच्या आरव्हीच्या जागा आहेत, आणि उन्हाळ्याच्या हंगामात पोहण्याचा तलावही उघडतात. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. वसंतातले शनिवार महिनोन्‌महिने आधी जातात, त्यामुळे ऐनवेळी तंबू गाडीत टाकून निघू नका. तिथून रस्ता आणखी सुमारे तीन मैल बेअर गल्चपर्यंत जातो आणि वाटेत एक फाटा ओल्ड पिनॅकल्सच्या पार्किंगला. पूर्व बाजूची खरी अडचण हीच शेवटची तीन मैलं. बेअर गल्चला जागा थोडी आणि गर्दी सगळी तिथेच. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोचला नाहीत तर खाली व्हिजिटर सेंटरलाच गाडी लावावी लागेल, असं धरून चाला. तिथून बेअर गल्चला ओढ्याकाठची पायवाट आहे, दोन मैलांच्या थोडी वर. सोपी आहे, पण लहान मुलं सोबत असतील तर त्यांचा उत्साह गुहेच्या आधीच संपतो.

रस्ता म्हणून पूर्व तुकड्याला चार. पार्किंगसाठी दोन.

प्रवेशशुल्क गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतं. म्हणजे शनिवारी पूर्वेकडे आणि पुढच्या शुक्रवारी पश्चिमेकडे गेलात तर तीच पावती दाखवा. शुल्क गाडीचं असल्यामुळे आत किती माणसं आहेत ते मोजत नाहीत. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी ज्येष्ठांचा पास मिळेल असं अनेकांना वाटतं. तो ६२ वर्षांवरच्या अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, पर्यटक व्हिसावर मिळत नाही. पण ते तुमच्या गाडीत बसलेले असतील तर त्यांचं वेगळं काही द्यायचंच नसतं.

मग कुठलं दार? हे रस्त्यावरून ठरवू नका, काय बघायचंय त्यावरून ठरवा.

गुहा बघायच्या असतील तर पूर्वेचं बेअर गल्च, आणि तीही तारीख बघून. इथल्या गुहा चुनखडीतल्या नाहीत. अरुंद घळीवर वरून प्रचंड शिळा कोसळून अडकल्या आणि त्यांच्या खाली पोकळी उरली, अशा या गुहा. बेअर गल्चच्या गुहेत टाउनसेंड जातीच्या मोठ्या कानांच्या वटवाघळांची वसाहत आहे. त्यांच्या विणीसाठी मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत गुहा बंद असते. बाकी वर्षभर सहसा खालचा अर्धा भाग उघडा. पूर्ण गुहा फक्त मार्च आणि ऑक्टोबरात थोडे दिवस उघडते, तेही वटवाघळांवर अवलंबून. जूनमध्ये शाळांना सुट्टी लागली म्हणून मुलांना गुहा दाखवायला आणलं आणि फाटकाला कुलूप, हा प्रकार दरवर्षी घडतो. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर गुहेची स्थिती बघणं हे एका मिनिटाचं काम आहे. गुहेतून वर निघालं की छोटं धरण आणि जलाशय लागतो. मोझेस स्प्रिंगनं जाऊन रिम ट्रेलनं उतरलं तर फेरी २.२ मैलांची, चढ ५०० फूट. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना आणि रोज फिरायची सवय असलेल्या साठीच्या माणसांना जमते.

पश्चिमेकडची बाल्कनीज गुहा वर्षभर उघडी असते, फक्त पावसात पाणी भरलं की बंद. ती बेअर गल्चपेक्षा रांगडी. आत काळोख, खडकांवर चढउतार, एक-दोन जागी वाकून, अंग चोरून जावं लागतं. इथे मोबाइलचा टॉर्च चालत नाही. उजेड पुरतो, पण दोन्ही हात खडकाला लागतात, आणि मग फोन तोंडात धरायची वेळ येते. डोक्याला बांधायचा दिवा घ्या, माणशी एक. पाठीवरची सॅक फुगलेली असेल तर सापटीत अडते. पाण्याच्या बाटल्या बाजूच्या जाळीत खोचलेल्या असतील तर त्या खडकात घासून पडतात आणि अंधारात सापडत नाहीत, त्या आत घाला. गुडघे दुखणाऱ्यांनी गुहा टाळून वरून जाणारी बाल्कनीज क्लिफ्स पायवाट घ्यावी, दोन्ही पुढे एकत्र येतात. शॅपरलवरून ही फेरी २.४ मैलांची. तीच गुहा पूर्वेच्या ओल्ड पिनॅकल्सवरून करायची तर जाऊन-येऊन ५.३ मैल. म्हणजे बाल्कनीजसाठी पश्चिमेचा अरुंद रस्ता सोसणं फायद्याचं.

हाय पीक्सला, म्हणजे माथ्यावरच्या सुळक्यांना, दोन्हीकडून जाता येतं. शॅपरलवरून ज्युनिपर कॅन्यनची फेरी ४.३ मैल, चढ १,२१५ फूट. बेअर गल्चवरून कॉन्डर गल्चमार्गे ५.३ मैल, चढ १,३०० फूट. माथ्यावरचा "स्टीप अँड नॅरो" म्हणतात तो टप्पा म्हणजे खडकात कोरलेल्या पावलाएवढ्या खोबण्या आणि बाजूला लोखंडी कठडा. १९३० च्या दशकात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी हे काम केलं. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना हा लहान भाऊ वाटेल. फरक असा की इथे समोरून माणसं येत राहतात आणि एका वेळी एकालाच जागा असते. वर असलेल्याला आधी उतरू द्या. बूट मळलेले असतील तर तळ दगडावर घासून घ्या, कारण वाळूचे कण खोबणीत पाय सरकवतात. कठडा दुपारी चटका बसेल इतका तापतो. उंचीची भीती असलेल्याला इथे "चल रे, काही होत नाही" म्हणून ओढू नका. अर्ध्यात थांबलेला माणूस दोन्ही बाजूंची रांग अडवतो, आणि त्याला उतरवणं चढवण्यापेक्षा अवघड असतं. हा टप्पा वगळून जाणारी टनेल ट्रेलची वाट आहे, ती नकाशात आधीच बघून ठेवा.

चालायचंच नसेल तर पश्चिमेच्या माहिती केंद्रापाशी प्रूएट पॉइंट आहे. जाऊन-येऊन मैलभराच्या आत, चाकाची खुर्ची जाते, आणि हाय पीक्स आणि बाल्कनीजचे कडे समोर दिसतात. दुपार कलली की त्या कड्यांवर सरळ ऊन पडतं. आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्यांसाठी पार्कातलं हे सगळ्यात चांगलं ठिकाण आहे, आणि जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. मोठ्या गाडीनं मात्र इथवर यायचं नाही, हे वर लिहिलंच आहे.

आता तुटलेल्या रस्त्याचा फायदा करून घ्यायची युक्ती. दोन कुटुंबं, दोन गाड्या. एक पश्चिमेला शॅपरलवर लावा, दुसरी पूर्वेला. दोन्हीकडून चालायला सुरुवात करा, मधे भेटा, किल्ल्यांची अदलाबदल करा, आणि ज्याची त्यानं पुढे चालत जाऊन दुसऱ्याची गाडी घेऊन घरी या. सपाट वाट हवी असेल तर बाल्कनीजवरून शॅपरल ते ओल्ड पिनॅकल्स, तीन मैलांच्या आसपास. चढ हवा असेल तर शॅपरल, ज्युनिपर कॅन्यन, हाय पीक्स, कॉन्डर गल्च, बेअर गल्च, साधारण साडेचार मैल. डोंगर पूर्ण पार होतो आणि तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही.

यात बिघडतं ते असं. रेंज नाही, म्हणून भेटायची जागा आणि वेळ कागदावर ठरलेली हवी. बाल्कनीजला दोन वाटा आहेत, गुहेतली आणि वरची. एक गट आतून आणि दुसरा वरून गेला तर चुकामूक होते, म्हणून भेटायची जागा दोन्ही वाटा एकत्र येतात त्या फाट्यावर ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर तासभर वाट बघूनही दुसरे आले नाहीत तर दोघांनीही आपापल्या गाडीकडे परत फिरायचं, हेही आधी ठरवा. किल्ली प्रत्यक्ष हातात द्या, गाडीखाली किंवा टायरवर ठेवू नका. भाड्याच्या गाडीवर दुसऱ्या चालकाचं नाव चढवलेलं नसेल तर हा खेळ करू नका. गाडी फोनमधल्या ॲपनं उघडणारी असेल तर तिचं कार्ड सोबत घ्या. आणि लहान मुलांच्या सीट ज्या गाडीतून मुलं परत जाणार त्या गाडीत आहेत ना, हे निघायच्या आधी बघा. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते.

एकच गाडी असेल तरी खंत नको. बाल्कनीजमार्गे पलीकडे जाऊन परत यायचं तर सहा मैलांच्या आसपास आणि चढ थोडा. सकाळी आठला शॅपरल सोडलं तर रमतगमत दुपारच्या जेवणापर्यंत परत. थंडीत ओढ्याला पाणी असतं, तेव्हा वाट काही ठिकाणी पाण्यातून जाते. मोज्यांचा एक जास्तीचा जोड सॅकमध्ये टाका.

हा डोंगर इथे आला कसा, ते थोडक्यात. सुमारे दोन कोटी तीस लाख वर्षांपूर्वी आजच्या लँकेस्टरजवळच्या नीनाख भागात ज्वालामुखी होता. सॅन अँड्रियास भ्रंशानं त्याचे दोन तुकडे केले. एक तिथेच राहिला, दुसरा सरकत सरकत १९५ मैल वायव्येला आला. तोच पिनॅकल्स. १९०८ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी याला राष्ट्रीय स्मारक केलं, आणि २०१३ च्या जानेवारीत याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला, गर्दी वाढली, १४६ चे दोन्ही तुकडे मात्र जसे होते तसेच. मधला रस्ता करावा असं कुणी सुचवलं तर आमचं मत विरोधात. तो कुठूनही काढला तरी गुहा किंवा कॉन्डर गिधाडांच्या कड्यांच्या उशाशीच येईल.

कॅलिफोर्निया कॉन्डर बघायला लोक मुद्दाम येतात. १९८२ साली हे पक्षी जगात फक्त २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा मोकळा पक्षीही पकडून पैदाशीसाठी ठेवला, आणि पिनॅकल्समध्ये २००३ पासून ते पुन्हा सोडायला लागले. पंखांचा विस्तार साडेनऊ फूट. आकाशात जे दिसतं त्यातलं बहुतेक टर्की व्हल्चर असतं: ते पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून डुलत उडतं. कॉन्डर पंख आडवे, सपाट ठेवून स्थिर तरंगतो, आणि पंखांवर नंबरचा बिल्ला असतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हाय पीक्सवर शक्यता जास्त. पूर्वेच्या कॅम्पग्राउंडच्या मागच्या धारेवरही दिसतात, त्यामुळे चढायचं नसेल तर दुर्बीण घेऊन तिथेच खुर्ची टाका.

पेट्रोल दोन्ही बाजूंना आत नाही. पश्चिमेला जाताना सोलेडाडला भरा, पूर्वेला जाताना हॉलिस्टर किंवा किंग सिटीला. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही याच गावांत चार्ज करून निघावं, कारण २५ वर पुढे मैलोन्‌मैल काहीच नाही. खाण्याचं म्हणाल तर दशम्या, थालीपीठं, तिखटमिठाच्या पुऱ्या, जे टिकतं ते घरून आणा. शाकाहारी मंडळींना परतताना हॉलिस्टर किंवा सोलेडाडच्या मेक्सिकन टपऱ्यांवर बीन्सचा बरीटो मिळतो, पण बीन्स डुकराच्या चरबीत परतलेल्या नाहीत ना ते विचारून घ्या. "मांतेका?" एवढं विचारलं तरी पुरतं. पाणी पार्किंगपाशी मिळतं, वाटेवर कुठेच नाही. थंडीत माणशी दोन लिटर, उन्हात तीन-चार. वाटेच्या कडेला तीन-तीन चकचकीत पानांचं झुडूप दिसलं तर हात लावू नका, ते पॉयझन ओक. अंगाला लागलं तर आठवडाभर खाजवत बसाल. कुत्रं घेऊन येऊ नका, पायवाटांवर बंदी आहे आणि गाडीत ठेवण्यासारखी हवा नसते.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा १०० फॅरेनहाइटच्या वर जाणं नेहमीचंच. खडक तापतो, सावली नाही, बेअर गल्चची वरची गुहाही बहुधा बंद. त्या महिन्यांत हे दोन्ही रस्ते सोडून द्या आणि समुद्राकडे वळा. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल, किंवा ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर, यांतला एखादा मधल्या वारचा दिवस काढता आला तर पश्चिमेला पार्किंग मिळतं, पूर्वेलाही मिळतं, आणि सोलेडाडच्या घाटात समोरून गाडीही क्वचितच येते.